रानांतली शिरगणती

“रानांत बिबळे किती?” हा प्रश्न मिरा-भाईंदरच्या रहिवाशांना नवा राहिलेला नाहीं. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वसईची खाडी आणि पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें अरण्य, अशा तीन मर्यादांच्या आंत हें नगर वसलेलें आहे. २०११ च्या जनगणनेंत येथील लोकसंख्या ८ लाखांहून अधिक भरली. आणि काशीमिरा, चेणें, घोडबंदर या बाजूस वस्ती व रान यांच्यामध्यें कित्येक ठिकाणीं एका कुंपणाचेंच काय तें अंतर उरलें आहे. माणसांची शिरगणती करणें त्या मानानें सोपें. प्रगणक दारावर थाप मारतो, आंतून कोणी तरी ओ देतें, आणि नांव, वय, धंदा टिपून घेऊन तो पुढच्या दाराकडे वळतो. बिबळ्या दिवसा झुडपांत निजतो, रात्रीं हिंडतो, माणसाची चाहूल लागतांच वाट सोडतो, आणि हांक मारली असतां ओ देत नाहीं. असें असूनहि “उद्यानांत चोपन्न बिबळे” असा आंकडा वर्तमानपत्रांत छापून येतो, आणि आपण तो सकाळच्या चहाबरोबर वाचून मोकळे होतों.

हा आंकडा कसा निघतो, त्यावर विश्वास किती ठेवावा, आणि तो चुकीचा वाचला गेल्यास कोणाचें काय बिघडतें, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय गणिताचा व यंत्राचा आहे म्हणून कोणीं पान उलटूं नये. यांतील मुख्य तत्त्व स्वयंपाकघरांतल्या वालाच्या डब्यावर पडताळून पाहतां येण्याजोगें आहे.

ऋतुपर्णाची विद्या

न मोजतां मोजण्याची ही कला आपल्याकडे अगदींच अपरिचित होती असें नाहीं. महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यान घरोघर ठाऊक आहे. परंतु त्यांतील एका लहानशा प्रसंगाकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. बाहुकाचें रूप घेतलेला नल अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा रथ विदर्भाकडे भरधांव हांकीत आहे. वाटेंत एक बेहड्याचा वृक्ष लागतो. राजा सारथ्याला म्हणतो कीं, या झाडाच्या दोन फांद्यांवर पानें पांच कोटि आणि फळें दोन हजार पंचाण्णव आहेत. नलाला हें खरें वाटत नाहीं. तो रथ थांबवतो, झाड तोडतो, फळें मोजतो; आणि संख्या तंतोतंत जुळते. विस्मित झालेल्या नलाला राजा सांगतो कीं, आपणांस अक्षहृदय म्हणजे फाशांचें मर्म अवगत आहे, आणि तसेंच संख्याशास्त्रहि.

या कथेंत दोन गोष्टी ध्यानांत धरण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, फाशांचें ज्ञान व गणतीचें ज्ञान हीं एकाच माणसापाशीं एकत्र नांदतात असें कथाकार सांगतो. आजचें संभाव्यताशास्त्र व नमुन्यावरून समग्राचा अदमास बांधण्याचें शास्त्र हीं अशींच सख्खीं भावंडें आहेत. दुसरी गोष्ट नलाची. त्यानें राजाचा शब्द राजाचा म्हणून प्रमाण मानला नाहीं, पडताळा पाहिला. रानांतील आंकडे वाचतांना आपणांस ऋतुपर्णाचें कौशल्य व नलाची शंका हीं दोन्ही बरोबर बाळगावीं लागतील.

पाऊलठशांचा काळ

आपल्या देशांत वाघांची गणती पूर्वीं पाऊलठशांवरून होत असे. ओडिशांतील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनीं १९६६ च्या सुमारास ही पद्धत प्रचारांत आणली. ओल्या मातींत उमटलेल्या ठशावर कांच धरून त्याची आकृति उतरून घ्यावयाची, अथवा प्लास्टर ओतून साचा काढावयाचा, आणि मग जाणत्या मंडळींनीं ठसे जुळवून हा एक वाघ, हा दुसरा, असें ठरवावयाचें. १९७२ सालच्या पहिल्या अखिल भारतीय गणनेंत १,८२७ वाघ भरले ते याच रीतीनें.

या पद्धतीनें वनरक्षकांना रान पायांखालीं घालण्याची संवय लाविली, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे. परंतु चिखलांत, वाळूंत, चढावर व उतारावर एकाच पावलाचे ठसे निरनिराळे उमटतात. आणि ते जुळविणाराची नजर हीच काय ती कसोटी. शिवाय जो वाघ ठसा न ठेवतां निघून गेला त्याजविषयीं बोलण्यास या पद्धतीपाशीं कांहींच साधन नव्हतें. राजस्थानांतील सरिस्का अभयारण्यांत २००५ च्या आरंभीं एकहि वाघ उरलेला नाहीं हें उघडकीस आलें, त्या वेळीं सरकारी कागदावर तेथें डझनाहून अधिक वाघ नांदत होते. देशभर खळबळ माजली. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालीं केंद्र सरकारनें व्याघ्र कृतिदल नेमलें. आणि जुनी पद्धत मोडीत निघाली. २००६ सालच्या नव्या पद्धतीच्या गणनेंत १,४११ वाघांचा अंदाज निघाला. त्यापूर्वींच्या, म्हणजे या शतकाच्या आरंभींच्या गणनेंत ३,६४२ हा आंकडा होता. यावरून मधल्या चार-पांच वर्षांत २,२३१ वाघ मेले असें मात्र म्हणतां येत नाहीं. एक आंकडा एका मापानें, दुसरा दुसऱ्या मापानें मोजलेला. शेरांतून हात वजा करून बाकी काढण्यासारखाच तो प्रकार होईल.

वालाच्या डब्यांतील गणित

आतां नव्या पद्धतीचें बीज पाहूं. एका डब्यांत वाल आहेत. किती आहेत तें ठाऊक नाहीं आणि सगळे मोजण्यास वेळ नाहीं. त्यांतून ४० दाणे काढावे, प्रत्येकावर कुंकवाचा ठिपका द्यावा, ते परत डब्यांत टाकावे आणि डबा चांगला हलवावा. मग डोळे मिटून ५० दाणे काढावे. त्यांत ठिपक्याचे ८ निघाले असें धरूं. म्हणजे दुसऱ्या वेळीं काढलेल्या दाण्यांत ठिपकेवाले सव्वासहांत एक या प्रमाणांत आहेत. डबा नीट मिसळलेला असेल तर सगळ्या डब्यांतहि प्रमाण तेंच असलें पाहिजे. आणि ठिपकेवाले एकंदर ४० आहेत हें आपणांस ठाऊकच आहे. ४० ला सव्वासहांनीं गुणलें कीं २५० येतात. हाच डब्यांतील वालांचा अदमास. त्रैराशिक शिकलेल्या मुलास हें करतां येईल.

डेन्मार्कमधील मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यानें १८९६ सालीं माशांना खुणा करून या विचाराचा पाया घातला, आणि अमेरिकेंतील लिंकन यानें १९३० सालीं बदकांच्या पायांत वळीं घालून तोच वापरला. म्हणून या सूत्राला त्या दोघांचीं नांवें मिळालीं. त्यांच्याहि पूर्वीं, १८०२ च्या सुमारास, फ्रान्समधील थोर गणिती लाप्लास यानें कांहीं निवडक भागांतील लोकसंख्या व जन्मांच्या नोंदी यांचें प्रमाण काढून त्यावरून सबंध फ्रान्सची लोकसंख्या अजमावली होती. तत्त्व तेंच.

परंतु हें त्रैराशिक कांहीं अटींवर उभें आहे. न्यायशास्त्राच्या अभ्यासकास धूर व अग्नि यांचा दृष्टान्त आठवेल. धूर दिसला तर अग्नि आहे असें अनुमान बरोबर. पण अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें म्हणतां येत नाहीं, कारण तेथें ओल्या सरपणाचा उपाधि आड येतो. आपल्या वालांच्या अनुमानासहि असेच उपाधि आहेत. मधल्या वेळांत सूनबाईंनीं दोन मुठी वाल बिरड्यासाठीं भिजत घातले, किंवा वाण्याकडून आणलेले नवे त्यांत ओतले, तर हिशोब बिघडला. कुंकू पुसून गेलें तरीहि बिघडला. समजा, आठांपैकीं दोन दाण्यांचा ठिपका झडला व सहाच ओळखतां आले, तर उत्तर २५० न येतां ३३३ येईल. वाल तेवढेच, पण कागदावर वाढले! आणि कांहीं दाणे तळाशीं बसणारे व कांहीं वर तरंगणारे असले, तर वरचेच पुनःपुन्हां हातीं लागून उत्तर कमी येईल. रानांत हे तीनहि दोष नित्याचे आहेत. जनावरें जन्मतात, मरतात, येतात, जातात. ओळख पटविण्यांत चूक होते. आणि कांहीं जनावरें धीट तर कांहीं बुजरीं असतात.

ठिपके आधींच दिलेले

बिबळ्यास धरून कुंकू लावण्याचें धाडस कोण करणार? सुदैवानें तें निसर्गानेंच करून ठेविलें आहे. प्रत्येक वाघाचे पट्टे व प्रत्येक बिबळ्याचे ठिपके हे आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणें त्याचे एकट्याचे असतात. डॉ. उल्लास कारंत यांनीं कर्नाटकांतील नागरहोळे येथें वाटेवर स्वयंचलित कॅमेरे बांधून वाघांचीं छायाचित्रें घेतलीं, आणि छायाचित्र म्हणजेच “धरणें”, पुन्हां छायाचित्र म्हणजेच “पुन्हां धरणें” असें मानून वरील गणित वाघांस लावलें. त्यांचा तो निबंध १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. ऊबदार देह समोरून हलला कीं कॅमेरा आपोआप चालतो. बिबळ्याच्या डाव्या कुशीचे ठिपके उजव्या कुशीहून वेगळे असतात; म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांस समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. नाहीं तर एकाचीच डावी व उजवी बाजू दोन निरनिराळे बिबळे म्हणून खतावली जाण्याचें भय.

पण हें काम हातानें करावयाचें म्हटलें तर जन्म पुरणार नाहीं. २०१८ सालच्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेंत २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे बांधले गेले, व त्यांनीं ३ कोटि ४८ लाखांहून अधिक छायाचित्रें टिपलीं. त्यांत वाघांचीं ७६,६५१ निघालीं, आणि पट्टे जुळवून पाहतां तीं २,४६१ निरनिराळ्या वाघांचीं ठरलीं. कोट्यवधि चित्रांतून गाई, डुकरें, माणसें व हलणारें गवत बाजूस काढून वाघ वेगळे करणें, आणि मग पट्ट्यांस पट्टे भिडवून पाहणें, हीं कामें संगणकावरील आज्ञावल्यांनीं केलीं. शेवटचा निवाडा मात्र माणसाच्या डोळ्यांनींच करावयाचा असतो. त्या गणनेचा जाहीर झालेला अदमास २,९६७ वाघांचा होता. म्हणजे २,४६१ प्रत्यक्ष, आणि उरलेले सुमारें पांचशें अनुमान.

आज्ञावल्यांचें कुटुंब

हें अनुमान करणाऱ्या ज्या आज्ञावल्या, म्हणजे ज्यांस आपण सॉफ्टवेअर म्हणतों त्या, आहेत, त्यांचेंहि एक एकत्र कुटुंबच आहे. प्रत्येकीकडे घरांतलें वेगळें काम.

वडीलधारी म्हणजे “कॅप्चर”. ती १९७८ च्या सुमारास अमेरिकेंत तयार झाली. वालांच्या डब्यांतून दोनदांच न काढतां दहा-वीस वेळां काढावें, आणि धीट व बुजरे असा भेद असला तरी हिशोब कसा बसवावा, हें ती पाहते. कारंतांनीं तिचाच आश्रय केला होता. तिच्या मागून आलेली “मार्क” ही कोलोरॅडो येथील प्राध्यापक गॅरी व्हाइट यांची. तिचा अधिकार मोठा. आज संख्या किती एवढें सांगून ती थांबत नाहीं. वर्षानुवर्षें तींच जनावरें पुन्हां दिसतात कीं नाहीं यावरून दरसाल त्यांतलीं किती जगतात व किती नवीं येऊन मिळतात तें ती काढते. घरखर्चाच्या वहींत नुसती शिल्लक पाहून भागत नाहीं. जमा किती व खर्च किती तें पाहिल्यावांचून घर चालतें आहे कीं बुडतें आहे हें कळत नाहीं. तीच गोष्ट रानाची.

तिसरी “डिस्टन्स”. हिची जोपासना स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठांत झाली. चितळाच्या कळपांतील प्रत्येक चितळ वेगळें ओळखणें अशक्य. तेथें ही उपयोगी पडते. देवघरांत समई तेवत असतां जमिनीवर मोहऱ्या सांडल्या अशी कल्पना करावी. समईजवळच्या सर्व दिसतात. जसजसें दूर जावें तसतशा कमी दिसतात. मोहऱ्या सगळीकडे सारख्याच सांडल्या असतील, तर दिसण्याच्या या उतरत्या प्रमाणावरूनच न दिसलेल्या किती तें सांगतां येतें. रानांत सरळ रेषेंत चालत जाऊन, दिसलेल्या प्रत्येक कळपाचें त्या रेषेपासूनचें अंतर मोजावयाचें, आणि ही समईची विद्या त्यास लावावयाची.

चौथी “प्रेझेन्स”. जेथें एखादें जनावर आढळलें नाहीं तेथें तें खरोखर नाहींच काय, हा तिचा प्रश्न. आमच्या मीमांसकांनीं हा प्रश्न फार पूर्वीं विचारला आहे. घट दिसत नाहीं म्हणून घट नाहीं, हें ज्ञान केव्हां खरें? घट असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिति असेल तेव्हां. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. यालाच योग्यानुपलब्धि म्हणतात. आजचे शास्त्रज्ञ एकाच जागीं पुनःपुन्हां जाऊन, “असतां दिसण्याची” ही योग्यता किती, तें एका अपूर्णांकांत मांडतात, आणि त्या अपूर्णांकानें आपलें उत्तर शुद्ध करून घेतात. आमच्या मतें या सर्व आज्ञावल्यांचें हृदय म्हणावयाचें तर तें याच अपूर्णांकांत आहे.

सर्वांत धाकटी पिढी आहे ती जागेचाहि विचार करणारी. प्रत्येक बिबळ्याच्या वावराचा एक मध्य असतो. त्या मध्याजवळच्या कॅमेऱ्यांत तो वारंवार येतो, दूरच्यांत क्वचित्. हें ध्यानांत घेऊन न्यूझीलंडचे मरे एफर्ड यांनीं २००४ सालीं नवी रीत मांडली. आणि त्याच विचारकुळांतील “स्पेसकॅप” ही आज्ञावली २०१२ सालीं प्रसिद्ध झाली, तिच्या कर्त्यांत अर्जुन गोपालस्वामी व उल्लास कारंत हे भारतीय संशोधक होते. या रीतीचा लाभ असा कीं, उत्तर “इतके बिबळे” असें न येतां “शंभर चौरस किलोमीटरांत इतके” असें येतें. उद्यानास नकाशावर सीमा असते. बिबळ्यास ती ठाऊक नसते.

यंत्राविषयीं एक सूचना येथेंच करून ठेवतों. आज्ञावलीस जें घालावें त्याचें ती उत्तर देते, आणि तें दशांश चिन्हापुढें दोन आंकड्यांपर्यंत, मोठ्या ऐटींत देते. कॅमेरा बिबळ्याच्या वाटेवर बांधला होता कीं शेळ्यांच्या, हें तिला कळत नाहीं. पाऊलठशांच्या काळीं “साहेबांनीं सांगितलें” म्हणून आंकडा खरा मानीत. आज “संगणकानें सांगितलें” म्हणून खरा मानूं लागलों, तर सुधारणा ती काय झाली?

आमच्या शेजारचा हिशोब

आतां संजय गांधी उद्यानाकडे वळूं. याचें क्षेत्र सुमारें १०४ चौरस किलोमीटर. येथें संशोधक निकित सुर्वे यांनीं वनखात्याच्या सहकार्यानें कॅमेरे बांधून २०१५ सालीं ३५ निरनिराळे बिबळे ओळखले. पुढें २०१८ सालीं ४७, आणि २०२४ च्या गणनेंत ५४ ओळखले गेले. वर्तमानपत्रांतील चोपन्न ते हेच. हे आंकडे पाहून “बिबळे दीडपट झाले” असें जो म्हणेल त्यास आम्ही नलाची शंका आठवून देऊं. हे आंकडे कॅमेऱ्यांत आलेल्या व ओळख पटलेल्या बिबळ्यांचे आहेत, म्हणजे किमान आहेत. कॅमेरे किती, किती रात्री, व किती क्षेत्रांत बांधले, यावर ते अवलंबून राहणार. जाळें मोठें टाकलें कीं मासे अधिक मिळतात. त्यावरून तळ्यांत मासे वाढले असें ठरत नाहीं. खरोखर वाढ झालीहि असेल. पण ती दाखविण्यास असतां दिसण्याचा तो अपूर्णांक हिशोबांत घ्यावा लागतो. शिवाय छायाचित्रांत येणारा प्रत्येक बिबळ्या उद्यानाचाच कायमचा रहिवासी असतो असें नाहीं. कित्येकांचें घर अर्धें आंत व अर्धें बाहेर असतें.

सुर्वे व त्यांचे सहकारी यांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत जागेचा विचार करणाऱ्या रीतीनें उद्यानांतील घनता दर शंभर चौरस किलोमीटरांस २६.३४ बिबळे अशी दिली आहे, व तिच्यापुढें अधिक-उणे ४.९६ असें लिहिलें आहे. हें अधिक-उणे बहुतेक वर्तमानपत्रें गाळतात, आणि आमच्या मतें तोच मजकुराचा सर्वांत प्रामाणिक भाग. त्याचा ढोबळ अर्थ असा कीं, खरी घनता १६ ते ३६ यांच्यामध्यें कोठें तरी असावी. खाडीपलीकडील तुंगारेश्वर अभयारण्याची घनता त्याच निबंधांत ५.४० असून अधिक-उणे २.९९ आहे, तेथें चुकीची मर्यादाच मूळ आंकड्याच्या निम्म्याहून मोठी. अर्थात् तुंगारेश्वराच्या आंकड्यावर फार मोठी इमारत रचूं नये. तथापि दोन्ही रानांतील अंतर इतकें आहे कीं, उद्यानांत बिबळ्यांची दाटी अधिक, एवढें म्हणण्यास शंका उरत नाहीं.

आणखी एक आंकडा तुलनेस घेऊं. डॉ. विद्या अत्रेय यांनीं नगर जिल्ह्यांतील अकोलें येथें, म्हणजे रान नव्हे तर उंसाच्या मळ्यांत व वस्तींत, कॅमेरे बांधून जो अभ्यास केला व २०१३ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत शंभर चौरस किलोमीटरांस ४.८ बिबळे निघाले. चौरस किलोमीटरांत तीनशेंहून अधिक माणसें जेथें राहतात तेथें बिबळ्याहि नांदतो, हें प्रथम अशा हिशोबानें सिद्ध झालें. देशाच्या २०२२ सालच्या अंदाजांत महाराष्ट्रास १,९८५ बिबळे दिले आहेत. परंतु ती गणना मुख्यतः वाघांच्या राज्यांतील वनक्षेत्राची आहे, उंसांतल्या बिबळ्यांची नव्हे.

आंकडा चुकीचा वाचला तर

हा सगळा सूक्ष्म विचार कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्या आसपासच आहे. ज्या वसईच्या किल्ल्यावर १७३९ सालीं चिमाजीअप्पांच्या सैन्यानें निशाण रोविलें, त्याच किल्ल्यांत २०२४ च्या मार्चअखेर एक बिबळ्या येऊन राहिला; तीन आठवड्यांहून अधिक काळ भोंवतालच्या लोकांनीं सायंकाळीं दारें लावून घेतलीं, आणि एप्रिलांत तो पिंजऱ्यांत सांपडला. असा प्रसंग आला कीं सभा भरते आणि दोन मागण्या पुढें येतात: बिबळे फार झाले, आणि त्यांना धरून दूर सोडा. पहिली मागणी आंकड्याची आहे व दुसरी त्या आंकड्यावर उभी आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें बिबळ्यास सर्वोच्च संरक्षण दिलें असल्यानें वरिष्ठ वनाधिकाऱ्यांच्या लेखी आज्ञेवांचून त्यास धरतां येत नाहीं. परंतु लोकांच्या रेट्यापुढें आज्ञा निघण्यास वेळ लागत नाहीं.

धरून दूर सोडल्यानें काय होतें तें जुन्नरनें शिकविलें. या शतकाच्या आरंभीं जुन्नर वनविभागांत पुष्कळ बिबळे धरून इतरत्र रानांत सोडण्यांत आले. अत्रेय व सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दाखविलें कीं, जेथें ते सोडले त्या भागांच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढले. परका मुलूख, अनोळखी वाटा व धरतांना झालेला जाच यांनीं जनावर बिथरतें. आणि रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरा येऊन बसतोच. संजय गांधी उद्यानाच्या परिसरांत २००४ सालीं हल्ल्यांचा कळस झाला, त्याच्या मागेंहि बाहेरचे बिबळे येथें आणून सोडणें हें एक कारण असल्याचें जाणकार सांगतात.

आणि दूर म्हणजे तरी किती दूर? नगर जिल्ह्यांत विहिरींत पडलेला एक वयस्क बिबळ्या २००९ सालीं वर काढून, गळ्यांत पट्टा घालून, माळशेज घाटांत सोडला होता. “आजोबा” या नांवानें तो प्रसिद्ध झाला व त्यावर मराठी चित्रपटहि निघाला. महिन्याच्या आंत शंभरावर किलोमीटर चालून, वसईची खाडी पोहून, तो आमच्या घोडबंदर रस्त्यालगतच्या नागला वनखंडांत येऊन पोहोंचला. वाटेंत त्यानें कोणा माणसास नख लावल्याची नोंद नाहीं. २०११ च्या डिसेंबरांत मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला. रानाच्या हिशोबाच्या वहींत खर्चाच्या बाजूस असें काय काय लिहावें लागतें, तें यावरून दिसेल.

उलट, संख्या तेवढीच राहूनहि धोका कमी करतां येतो, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. २०१८ सालच्या एका निबंधांत उद्यानांतील बिबळ्यांच्या आहारांत सुमारें चाळीस टक्के भाग कुत्र्यांचा धरला आहे. कुत्रीं जमतात उकिरड्यावर. बिबळ्या येतो कुत्र्यांमागें. म्हणून रानालगतच्या वस्तींत उष्टें-खरकटें उघड्यावर न टाकणें, अंधाऱ्या वाटेवर दिवा असणें, संध्याकाळनंतर लहान मुलास एकटें बाहेर न धाडणें, आणि बिबळ्या दिसला असतां गर्दी करून त्याची वाट न अडविणें, हे उपाय कोणत्याहि पिंजऱ्याहून गुणकारी आहेत. २०११ पासून वनखातें, संशोधक व नागरिक यांनीं मिळून उद्यानाभोंवतीं हाच प्रचार चालविला आहे.

वाचकांस तीन प्रश्न

यापुढें रानांतील जनावरांचा कोणताहि आंकडा वाचनांत आला तर वाचकांनीं त्यास तीन प्रश्न विचारावे. प्रत्यक्ष दिसलेले किती आणि अनुमानानें धरलेले किती? चुकीची मर्यादा, म्हणजे तें अधिक-उणे, किती? आणि मागील आंकड्याशीं तुलना केली असेल, तर क्षेत्र, काळ व पद्धत तीच होती काय? ज्या आंकड्यास या तिहींचीं उत्तरें देतां येत नाहींत, त्यावरून कोणाचें घर असुरक्षित ठरवूं नये, आणि कोणाचा जीवहि घेऊं नये. घरांतील मुलांस सुटींत वालाचा डबा देऊन तो प्रयोग जरूर करूं द्यावा. आलेलें उत्तर व शेवटीं सगळे वाल मोजून आलेली खरी संख्या यांत थोडा फरक राहील. तो फरक कां राहिला याचा विचार करतांना मूल जें शिकेल, तें पुष्कळ मोठ्या माणसांसहि अद्याप शिकावयाचें आहे.

डबा शेवटीं ओतून मोजतां येतो. नलालाहि झाड तोडून राजाची परीक्षा पाहतां आली. आपणांस मात्र रान तोडून बिबळे मोजावयाचे नाहींत. तें उभें ठेवूनच, दर कांहीं वर्षांनीं त्याच वाटांवर, त्याच काळजीनें पुन्हां कॅमेरे बांधणें आणि मागचा हिशोब पुढच्या हिशोबानें तपासून घेणें, एवढा एकच पडताळा आपल्या हातीं आहे.